गुरुवार : काही नाही

फ्रिजवर तक्ता आहे, संत्र्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
सोमवार पाणी, मंगळवार पळणं, बुधवार सायकल.
गुरुवारच्या चौकोनात धुर्वे सरांनी
निळ्या शाईत लिहिलंय : काही नाही.

बाकी सगळं मी पाळते.

साडेचारला उठते. कुलरच्या टाकीत पाईप सोडते,
टाकी भरेस्तोवर कणीक मळते,
भरली की बूट.
सेमिनरी हिल्सच्या चढावर माझ्याआधी
मोर उठलेले असतात
आणि एक रिटायर्ड हवालदार, उलटे चालणारे.
साडेसातला धंतोली. लॅबच्या बाकावर
उपाशीपोटी बसलेली रांग.
मूठ आवळा. झालं. सोडा.
सत्तर दंड बांधते रोज,
सत्तर शिरा शोधते कातडीखाली, बोटानं.

पोहायला मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले,
पाचवीतल्या पोट्ट्यांच्या लेनमध्ये.
त्यातल्या एकानं गॉगल वर करून विचारलं,
“काकू, तुम्ही पाण्याशी काऊन भांडून राहिल्या?”
उत्तर द्यायला तोंड उघडलं
आणि क्लोरीन प्याले.

हेमराज म्हणतो,
तू घरात असतेस तेव्हाही बूट बदलत असतेस.
रविवारी तर्री-पोहे तो करतो,
माझ्या वाटीत तर्री कमी, तेवढं ध्यानात ठेवतो.
शाल्मलीच्या गणिताच्या वहीत
मागच्या पानावर माझी बेरीज सापडते :
दीड किलोमीटर, चाळीस, दहा.
तिच्या बाईंनी खाली लिहिलंय,
एकक लिहावे.

आणि गुरुवारी मी पळते.
कुणाला न सांगता, मेडिकल चौकापर्यंत आणि परत,
उसन्या घेतलेल्या वेळेसारखी.
रिकामा चौकोन बघवत नाही मला.
आमच्या घरात बसलेल्या बाईला
काय झालं गं, असंच विचारतात.

नवतपा लागला.
तिसऱ्या दिवशी लॅबच्या जिन्यात
भिंत जरा सरकली.
तबस्सुमनं मला बाकावर बसवलं,
माझ्याच ड्रॉवरमधला पट्टा माझ्याच दंडाला बांधला.
“मूठ आवळा, मॅडम,” म्हणाली,
माझ्याच आवाजात, हसत.
दुपारी मशीननं कागद सोडला.
रोज दुसऱ्यांच्या नावांपुढे छापते मी ठळक आकडे.
हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक दोन.
फेरेटिन सहा.
एकक लिहिलेलं होतं.

धुर्वे सर रागावले नाहीत.
दोन आठवडे सायकल बंद, म्हणाले,
आणि गुरुवारवर निळ्या पेननं अजून एकदा गिरवलं.

काटोल रोडनं मग बसनं गेले, शामराव मामाच्या मळ्यात.
झाडांची पानं वळलेली, द्रोणासारखी,
मातीला बोट जाईल एवढ्या भेगा.
विहिरीत पाणी होतं. पाट कोरडा.
“मामा, मरतील नं ही?”
“ताण देऊन राहिलो. मिरगाच्या बहारासाठी.”
त्यांनी एक फांदी वाकवली, नखानं साल खरवडली,
आत हिरवं होतं.
“ताण देनं कोनालेही जमते, बाई.
तोडाव कवा, थे समजलं पाह्यजे.
चार दिवस चुकले
का झाडाचं सरपन होते.”
मग माझ्याकडे बघून,
“तू लय वाळली वं,” एवढंच,
आणि पन्ह्याचा दुसरा ग्लास.

आज गुरुवार.
साडेचारला डोळे उघडलेच, सवय.
पाईप टाकीत सोडला.
बूट दाराशी होते, एकावर एक.
मी कुलरसमोर फरशीवर आडवी झाले,
हातपाय सोडून, पोट्ट्यांनी शिकवलं तशी :
कान बुडू द्यायचे, मान टाकून द्यायची,
पाणी धरतं.
वाळ्याचा वास. पंप घुरघुरत होता.
कणीक परातीत कोरडीच.

टाकी भरली असणार, वाहिली असणार,
बाल्कनीतून खाली गेली असणार,
कारण खालून बोकडे काकू ओरडत होत्या,
“पानी चाल्लं नं वाया, बाप्पा! कोनी आहे का घरात?”

ऐकू आलं मला.
लगेच उठले नाही.